राजवाडा, छत्र आणि मनोरा : कुंभकोणमहून एका दिवसात

कुंभकोणममध्ये सकाळी सहाला कॉफीच्या दुकानांत उभं राहायला जागा नसते. पितळी फिल्टरमधून थेंबथेंब उतरलेला काळा अर्क, वर उकळतं दूध, आणि मग डबऱ्यातून (पसरट वाटीतून) टंबलरमध्ये, टंबलरमधून डबऱ्यात अशी हातभर उंचीवरून धरलेली धार. शेवटी वर बोटभर फेस. हीच ती ‘डिग्री कॉफी’. ती संपेपर्यंत ड्रायव्हर गाडीच्या काचा पुसून तयार असतो आणि गाइड घाई करू लागतात, कारण आजचा पल्ला दोनशे किलोमीटरांहून जास्त आहे आणि तमिळनाडूतली देवळं दुपारी बंद होतात ती चारपर्यंत उघडत नाहीत.

कुंभकोणमच्या कुठल्याही लॉजवर एका दिवसाची सहल विचारली, तर पहिलं उत्तर ‘नवग्रह’ असं येतं. गावाच्या आसपास नऊ ग्रहांची नऊ देवळं आहेत आणि भाविकांच्या गाड्या रोज तीच फेरी मारतात. दुसरं उत्तर चोळांची देवळं. मराठी माणसाने मात्र तिसरी फेरी मागून घ्यावी : तिरुविडैमरुदूर, तंजावर, ओरत्तनाडू आणि थेट समुद्रावरचा मनोरा. या वाटेवर तंजावरच्या भोसल्यांच्या राज्याची पावणेदोनशे वर्षं भेटत जातात, आणि ते राज्य आपल्याला शाळेत शिकवलेल्या मराठेशाहीपेक्षा किती वेगळं होतं हे गाडीत बसल्याबसल्या कळू लागतं.

खरं तर सुरुवात कुंभकोणममध्येच होते. बडोद्याचे दिवाण सर टी. माधवराव यांचं नाव महाराष्ट्रात माहीत आहे. मल्हारराव गायकवाडांना पदच्युत केल्यानंतर १८७५ ते १८८२ या काळात, सयाजीराव अल्पवयीन असताना, बडोद्याचा कारभार त्यांनी सावरला. त्याआधी ते त्रावणकोर आणि इंदूरचे दिवाण होते. हे माधवराव १८२८ साली कुंभकोणमला जन्मले. तंजावरच्या राज्याबरोबर दक्षिणेत स्थायिक झालेल्या देशस्थ घराण्यांपैकी एक त्यांचं. अशा घरांतून आजही एक जुनी मराठी बोलली जाते. तिचा हेल तमिळ असतो आणि तिच्यात तमिळ शब्द मिसळलेले असतात, पण पानात वाढलेल्या डांगर पच्चडीतलं ‘डांगर’ हे उडदाच्या भाजलेल्या पिठाचं आपल्याकडचंच डांगर असतं.

गाडी आधी उलट्या दिशेला, पूर्वेकडे आठ-नऊ किलोमीटर जाते. तिरुविडैमरुदूरला महालिंगस्वामींचं प्रचंड देऊळ आहे. संस्कृतात या क्षेत्राला मध्यार्जुन म्हणतात. तंजावरच्या गादीवरून १७९८ मध्ये दूर केलेले अमरसिंहराजे इथे येऊन राहिले आणि या लहानशा गावात त्यांनी आपला छोटा दरबार चालू ठेवला. गावातल्या त्यांच्या वाड्याची आता पडझड झाली आहे. पाहण्यासारखी गोष्ट आहे ती देवळात : हातात दिवा धरलेली एका बाईची धातूची मूर्ती. तमिळमध्ये अशा मूर्तीला ‘पावै विळक्कु’ म्हणतात, म्हणजे दीपलक्ष्मी. ही मात्र कुणी काल्पनिक दीपलक्ष्मी नाही. भोसले घराण्यातल्या प्रतापसिंहांशी आपलं लग्न व्हावं म्हणून अम्मुनूबाईंनी महालिंगाला लाख दिव्यांचा नवस बोलला होता. तो पूर्ण झाल्यावर, १८५३ साली, त्यांनी लाखातला एक दिवा म्हणून आपलीच मूर्ती देवासमोर उभी केली. चौथऱ्यावर तमिळ अक्षरांत ही हकीकत कोरलेली आहे. राजघराण्यातल्या एका स्त्रीचं मन तिच्याच शब्दांत आपल्यापर्यंत पोचावं, असं इतिहासात फार क्वचित होतं. इथे पाच मिनिटं जास्त थांबावं.

मग पुन्हा कुंभकोणम ओलांडून पश्चिमेला चाळीस किलोमीटर. वाटेत दारासुरम येतं, स्वामीमलै येतं. दारासुरमचं ऐरावतेश्वर मंदिर जागतिक वारसायादीत आहे आणि स्वामीमलैचे स्थपती आजही मेणाची प्रतिकृती करून पंचधातूच्या मूर्ती ओततात. दोन्ही ठिकाणं पूर्ण वेगळ्या दिवसाची आहेत. आज खिडकीतून नमस्कार करून पुढे जाणंच बरं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना भात, मध्येच केळी आणि पानवेलींचे मळे. कावेरीचं पाणी शेकडो पाटांनी इथे पसरतं. व्यंकोजीराजे इथे का राहिले, या प्रश्नाचं निम्मं उत्तर या हिरव्या रंगात आहे.

ते आले होते विजापूरच्या आदिलशहाचे सरदार म्हणून. मदुरैच्या नायकाने तंजावर घेतलं होतं. तंजावरच्या नायकाच्या वारसाला गादी परत मिळवून देण्यासाठी शहाजीराजांचे हे पुत्र, शिवछत्रपतींचे सावत्र बंधू, फौज घेऊन उतरले आणि थोड्याच काळात स्वतःच गादीवर बसले. साल १६७६. पुढच्याच वर्षी दक्षिण दिग्विजयात शिवाजी महाराज आणि व्यंकोजी यांची कोळ्ळिडम नदीच्या उत्तरेला तिरुमळवाडी इथे भेट झाली. वाटणीवरून दोघा भावांचं बिनसलं आणि पुढे लढाईही झाली, पण तंजावर व्यंकोजींकडेच राहिलं. त्यांच्या वंशजांनी १८५५ पर्यंत ते सांभाळलं. साताऱ्याची गादी त्याआधी सात वर्षं खालसा झाली होती.

तंजावरला आधी बृहदीश्वर, कारण दुपारी तो बंद होतो. राजराज चोळाने १०१० साली पूर्ण केलेल्या या देवळाबद्दल गाइड भरभरून बोलतात आणि बोलावंच. पण एका ठिकाणी त्यांना थांबवून आवाराच्या भिंतीकडे वळायला सांगावं. तिथे दगडावर ओळींमागून ओळी बाळबोध अक्षरांत कोरलेल्या आहेत. भाषा मराठी. आजूबाजूला चोळांचे तमिळ शिलालेख, आणि मध्येच ‘महाराज’, ‘राज्य’, ‘पुत्र’ हे शब्द आपल्या डोळ्यांना सहज लागतात. हा भोसले वंशाचा इतिहास आहे. दुसऱ्या सरफोजीराजांच्या आज्ञेने बाबूराव चिटणीसांनी तो रचला आणि १८०३ च्या डिसेंबरात तो कोरला गेला. मराठीतला हा सर्वांत लांब शिलालेख मानला जातो. चौथीत शिकणारं मराठी मूलही त्यातली अक्षरं लावू शकतं. देवळातून बाहेर पडणाऱ्या शंभर मराठी पर्यटकांपैकी किती जणांनी तो पाहिलेला असतो, हे विचारलं की वाईट वाटतं.

राजवाडा देवळापासून जवळच आहे. बांधकामाची सुरुवात नायकांची आणि भर मराठ्यांची, त्यामुळे त्याचा एक असा चेहरा नाही. उंच गोपुरासारखा बुरूज आहे, कमानींच्या ओळी असलेली माडी आहे, रंगवलेल्या खांबांचा मराठा दरबार आहे. सदर महाल, संगीत महाल अशी नावं वाचताना परकं वाटत नाही. वाड्याच्या एका भागात भोसल्यांचे वंशज राहतात आणि ८८ देवस्थानांची वंशपरंपरागत विश्वस्तकी त्यांच्या घराण्याकडे आहे. नायकांच्या दरबारात आता कलादालन आहे. चोळकालीन ब्राँझच्या नटराजांच्या आणि पार्वतींच्या मधोमध एक पांढरा संगमरवरी पुरुष हात जोडून उभा आहे : सरफोजीराजे दुसरे. पुतळा इंग्रज शिल्पकार जॉन फ्लॅक्समनचा.

या पुतळ्यासमोर उभं राहून त्यांची गोष्ट ऐकावी. जन्म १७७७ चा. तंजावरच्या गादीवर असलेल्या तुळजाराजांनी त्यांना दत्तक घेतलं तेव्हा ते जेमतेम दहा वर्षांचे होते. तुळजाराजे वारले, अमरसिंह गादीवर बसले आणि या मुलाचे दिवस वाईट गेले. जर्मन मिशनरी ख्रिश्चन फ्रेडरिक श्वार्ट्झ त्याच्या पाठीशी उभे राहिले आणि त्याच्या शिक्षणाची सोय झाली. १७९८ मध्ये सरफोजी गादीवर आले खरे, पण पुढच्याच वर्षी ईस्ट इंडिया कंपनीने तह करून सगळ्या मुलखाचा कारभार काढून घेतला. राजाच्या हाती उरला किल्ला, त्याभोवतीचा थोडा परिसर, वार्षिक नेमणूक आणि महसुलातला एक हिस्सा. वय बावीस.

राज्य गेलेल्या या तरुणाने पुढच्या तेहतीस वर्षांत जे केलं, ते पाहण्यासाठी वाड्यातल्या सरस्वती महाल ग्रंथालयात जावं लागतं.

ग्रंथालय नायकांच्या काळापासूनचं. सरफोजींनी ते मोठं केलं. हस्तलिखितांची संख्या चाळीस हजारांच्या वर जाते. त्यात संस्कृत सर्वाधिक, मग तमिळ, मराठी आणि तेलुगू. १८२० च्या सुमाराला राजे सुमारे तीन हजार माणसांचा लवाजमा घेऊन काशीयात्रेला गेले आणि परतताना पोथ्या घेऊन आले, गंगेच्या घाटांची चित्रंही. ग्रंथालय १९१८ मध्ये लोकांसाठी खुलं झालं. पोथ्या अभ्यासकांना अर्ज करून पाहता येतात. प्रवाशांसाठी शेजारी लहानसं संग्रहालय आहे. जागा एका मोठ्या दिवाणखान्याएवढी, पण तिथे एक तास कमी पडतो.

एका कपाटात ताडपत्रं. बोटभर रुंद, हातभर लांब, दोन्ही बाजूंना भोकं पाडून दोरीत ओवलेली. अक्षरं इतकी बारीक की काचेला नाक लावावं लागतं. दुसऱ्या कपाटात फ्रेंच चित्रकार शार्ल ल ब्रँच्या रेखाचित्रांचे छापे : एका बाजूला बैल, दुसऱ्या बाजूला बैलासारखं कपाळ असलेला माणूस. घुबड, आणि घुबडाच्या डोळ्यांचा माणूस. सिंह, उंट, गरुड, सगळ्यांची अशीच जोडी. लहान मुलं या कपाटासमोरून हलत नाहीत, आणि राजेही हलले नसतील. पॅरिसमधली ही चित्रं कावेरीकाठी मागवणाऱ्या माणसाची जिज्ञासा किती मोठी असेल! त्यांनी वाचलेल्या इंग्रजी ग्रंथांवर त्यांची सही सापडते. वाड्यातल्या धन्वंतरी महालात औषधांवर प्रयोग चालत. डोळ्यांच्या चव्वेचाळीस रुग्णांच्या नोंदी आजही शिल्लक आहेत. त्यात रुग्णाच्या डोळ्याचं रंगीत चित्र, आजाराचं वर्णन आणि उपचार दिलेले आहेत. दोनशे वर्षांपूर्वी नेत्रवैद्यकात इतकी शिस्त भारतातल्या एका वाड्यात पाळली गेली, ही गोष्ट वैद्यकाच्या प्रत्येक मराठी विद्यार्थ्याला सांगायला हवी.

राजांनी १८०५ च्या सुमारास वाड्यात देवनागरी छापखाना काढला. त्याचं नाव ‘नवविद्याकलानिधि’. इसापच्या गोष्टींचं मराठी भाषांतर ‘बालबोधमुक्तावली’ या नावाने तिथे छापलं गेलं. मुंबईत मराठी पुस्तकं छापली जाऊ लागण्याच्या आधीची ही गोष्ट. त्यांनी ‘देवेंद्र कोरवंजी’ नावाचं मराठी नाटक लिहिलं. त्यात कोरवंजी, म्हणजे भविष्य सांगणारी डोंगरी बाई, जगाचा भूगोल गाऊन सांगते. आणि त्यांच्याही आधी, व्यंकोजींचे पुत्र शहाजीराजे गादीवर असताना (१६८४ ते १७१२), याच वाड्यात मराठी नाटकं लिहिली जात होती. विष्णुदास भाव्यांचं सांगलीतलं ‘सीतास्वयंवर’ १८४३ चं. मराठी रंगभूमीचा इतिहास सांगताना तंजावरला दोन ओळींत उरकणं आता थांबायला पाहिजे.

दुपारचं जेवण तंजावरलाच, केळीच्या पानावर. सांबार वाढलं की गाइड हमखास हसून सांगतात की हे नाव संभाजी महाराजांवरून पडलं आणि पहिलं सांबार या वाड्याच्या मुदपाकखान्यात शिजलं. ती आख्यायिका म्हणून ऐकावी आणि भात कालवावा. पानावर पुरणपोळी आलीच, तर तिला तमिळमध्ये ‘बोळी’ म्हणतात.

तंजावरहून पट्टुक्कोट्टैच्या रस्त्याने दक्षिणेला निघालं की विसेक किलोमीटरांवर ओरत्तनाडू येतं. बहुतेक सहली इथे थांबत नाहीत. उजवीकडे-डावीकडे दुकानं, बसस्थानक, शाळेची पोरं, आणि त्यात एक लांबलचक जुनी इमारत : मुक्तांबाळ छत्र. सरफोजीराजांची मुक्तांबा नावाची प्रिया होती. तिच्या नावाने १८०२ मध्ये त्यांनी हे छत्र बांधलं. तमिळमध्ये ‘सत्तिरम’, आपल्याकडे अन्नछत्र. आत चौक, चौकाभोवती लाकडी खांबांच्या पडव्या. एका बाजूला दगडी रथ आणि तो ओढणारे घोडे व हत्ती कोरलेले आहेत. पुढे अनेक वर्षं या इमारतीत विद्यार्थी राहिले आणि शिकले.

हा रस्ता रामेश्वरचा. काशीची गंगा कावडीतून आणून रामेश्वराला घालायची आणि सेतूची वाळू काशीला न्यायची, ही यात्रा करणारे लोक महिनोन्महिने पायी चालत इथून जात. त्यात महाराष्ट्रातलेही असत. तंजावरच्या राजांनी या वाटेवर ठरावीक अंतरावर छत्रं बांधली आणि त्यांच्या खर्चासाठी गावं लावून दिली. कंपनीने मुलूख घेतला तेव्हा ही गावंही जाणार असं दिसू लागलं. १८०१ मध्ये सरफोजीराजांनी कंपनीच्या रेसिडेंटला पत्र लिहिलं. त्यात ते सांगतात की छत्रांत सर्व जातींच्या लोकांना अन्न मिळतं. ज्यांना शिजवलेलं चालत नाही त्यांना शिधा मिळतो. मध्यरात्री घंटा वाजवून अजून कुणी उपाशी आहे का हे विचारलं जातं. वाटसरू आजारी पडला तर बरा होईपर्यंत वैद्य आणि पथ्याचं जेवण, बाळंतिणीची सोय, लहान मुलांना दूध, अनाथ मुलांना शिक्षण, आणि कुणी वारलंच तर त्याच्या धर्माप्रमाणे अंत्यसंस्कार. फौज, खजिना, मुलूख हे सगळं गेलेलं असताना या राजाने मागणं मागितलं ते एवढंच, की छत्रं बंद पडू देऊ नका.

गाइडने ही घंटेची गोष्ट सांगितली की त्या रिकाम्या चौकात कुणी मोठ्याने बोलत नाही. तंजावरच्या भोसल्यांनी मोठ्या लढाया जिंकल्या नाहीत, म्हणून आपल्या इतिहासात त्यांना मागची जागा मिळाली. पण भुकेल्या माणसाला मध्यरात्री हाक मारणारं राज्य लहान कसं म्हणायचं?

पट्टुक्कोट्टैनंतर भात मागे पडतो आणि नारळ सुरू होतात. मध्ये मध्ये मोकळ्या जागा आणि कोवळी रोपं दिसतात. १६ नोव्हेंबर २०१८ च्या पहाटे ‘गजा’ चक्रीवादळ या किनाऱ्यावर आदळलं आणि पिढ्यांनी वाढवलेल्या बागा काही तासांत आडव्या झाल्या. नारळाला पुन्हा फळ धरायला पाच-सात वर्षं लागतात. त्या हिशेबाने आताची ही झाडं बघावीत.

मग अचानक समुद्र. पण कोकणातला नव्हे. लाट नाही, गाज नाही, तलावासारखं सपाट, मातकट-हिरवं पाणी. ही पाल्कची सामुद्रधुनी, पलीकडे श्रीलंका. पाणी उथळ, तळाला समुद्रगवत. त्यावर चरणारा डुगाँग, तमिळमध्ये ‘कडल पसु’ म्हणजे समुद्रगाय, इथे अजून टिकून आहे. तमिळनाडू सरकारने २०२२ मध्ये तंजावर आणि पुदुक्कोट्टै जिल्ह्यांच्या किनाऱ्यालगत ४४८ चौरस किलोमीटरांचं देशातलं पहिलं डुगाँग संरक्षण क्षेत्र जाहीर केलं. जाळ्यात सापडलेली समुद्रगाय जिवंत सोडणाऱ्या मच्छीमारांना वनखातं बक्षीस देतं. संरक्षणाचं खरं काम ही माणसंच करतात.

मल्लिपट्टिणमच्या बंदरात बोटी एकमेकींना खेटून उभ्या असतात. किनाऱ्यावर जाळी सांधणारी माणसं, वजनकाट्याजवळ खेकडे आणि कोळंबीच्या टोपल्या. १५ एप्रिल ते १४ जून या काळात पूर्व किनाऱ्यावर यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते. तेव्हा आलात तर बोटी रंगवताना दिसतील, मासळी दिसणार नाही. शेजारच्या गावाचं नाव सेतुबावाछत्रम. सेतू, बावा आणि छत्र : तमिळ कोळ्यांच्या गावाच्या नावात आपल्या ओळखीचे तीन शब्द.

मनोरा इथेच, पाण्याच्या काठावर. षट्कोनी, आठ मजली, प्रत्येक मजल्याला बाहेर आलेली कड, भोवती तट आणि खंदक. उंची पंचाहत्तर फुटांच्या आसपास. दुरून चिनी पॅगोडा वाटतो. सरफोजीराजांनी १८१४-१५ मध्ये तो बांधला, नेपोलियनचा पाडाव आणि इंग्रजांचा विजय यांचं स्मारक म्हणून. तशा शिळा बसवलेल्या आहेत, पाच भाषांत, आणि त्यातली एक मराठी. वाचताना मन खट्टू होतं. ज्यांनी राज्य काढून घेतलं त्यांच्या विजयाचा मनोरा राजाने का बांधावा? छत्रं चालू ठेवायची, ग्रंथ मागवायचे, काशीला जायचं तर या सगळ्याला कंपनीची मर्जी लागत होती. या शिळेतली नम्रता त्या गरजेतून आलेली आहे, असं ओरत्तनाडूचा चौक पाहून आलेल्याला वाटतं. सरळ तंजावरहून इथे आलेल्याला ती नुसती खुशामत वाटेल.

सगळी नम्रता शेवटी उपयोगी पडली नाहीच. सरफोजींचे पुत्र शिवाजीराजे १८५५ मध्ये निपुत्रिक वारले आणि कंपनीने गादी खालसा करून वाडाही ताब्यात घेतला. राणी कामाक्षीबाईंनी दावा लावला. तो लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला आणि १८५९ मध्ये निकाल राणीच्या विरुद्ध लागला.

परतीची वाट मन्नारगुडीवरून. राजगोपालस्वामींचं देऊळ आणि त्याचं विस्तीर्ण तळं दिवेलागणीला दिसतं. कुंभकोणमला पोचायला रात्रीचे साडेआठ-नऊ होतात.

हा प्रवास डिसेंबर ते फेब्रुवारीत करावा. वाड्याच्या आणि संग्रहालयाच्या सुट्टीचा वार आदल्या दिवशी विचारून घ्यावा. मनोऱ्यावर वर चढू देतात का, हेही. २०२८ मध्ये कुंभकोणमला बारा वर्षांनी येणारा महामहम उत्सव आहे, तेव्हा खोल्या मिळणं कठीण. आणि गाडी ठरवतानाच ड्रायव्हरला ओरत्तनाडूचं मुक्तांबाळ छत्र असं स्पष्ट सांगून ठेवावं. न सांगितलं तर गाडी तिथे थांबत नाही.